आरक्षणाची यादी गिरणीच्या दारावर

आमच्या घरांवर भाजी मंडईचं आरक्षण पडलंय, ही बातमी आम्हाला पालिकेनं दिली नाही. बँकेनं दिली.

२०१८चा उन्हाळा होता. शेजारच्या भावजींना घरावर मजला चढवायचा होता. मुलाचं लग्न ठरलं होतं. कर्जाची फाइल दिली, तर बँकेच्या वकिलांनी झोन दाखला आणि भाग नकाशा आणायला सांगितलं. भावजींनी पालिकेत अर्ज केला. दाखला हातात आला, त्यावर लिहिलं होतं की प्रसिद्ध झालेल्या प्रारूप विकास योजनेनुसार ही जागा काही भागात ‘भाजी मंडई’ या आरक्षणानं आणि काही भागात १८ मीटर रुंदीच्या प्रस्तावित रस्त्यानं बाधित होते. बँकेनं फाइल परत केली.

भावजी तो कागद घेऊन माझ्याकडे आले. माझी पिठाची गिरणी आहे, घराच्या पुढच्या खोलीत. हे एसटीत कंडक्टर, त्यामुळे दिवसभर मीच असते. पट्ट्यावरचं दळण उरकलं, मोटर बंद केली आणि कागद वाचला. परत वाचला. खरं सांगायचं तर आधी मला बँकेचाच राग आला. सातबारा आमच्या नावावर, घरपट्टी दर वर्षी भरलेली, मग मध्येच ही मंडई कुठून आली?

आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषदेचं. वस्ती गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे. एकाच गटातले प्लॉट पाडून लोकांनी घरं बांधली. कुणी शिक्षक, कुणी एसटीतले, कुणाचा गॅरेजचा धंदा. गाव वाढत गेलं आणि कडेची वस्ती मध्यात आली. विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावी लागते, तशी आमच्या गावाची सुधारित योजना तयार होत होती. होत होती हे कानावर होतं. मधे कुणीतरी माणसं टेप आणि नकाशे घेऊन फिरून गेली होती. ती कशासाठी फिरली, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही त्यांना चहा देऊन सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीला कुलूप लावून मी आणि भावजी पालिकेत गेलो. बाहेरच्या भिंतीवर सूचना फलक आहे. काचेचं दार, त्याला कुलूप. आत कागदावर कागद, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. निविदा, लिलाव, पाणीपुरवठा बंद, जन्ममृत्यू नोंदणी. आमची सूचना होती, पण तिचा खालचा अर्धा भाग एका निविदेखाली गेला होता. वरचा भाग वाचता आला. ‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, मग महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम २६, ठरावाचा क्रमांक, तारीख. गटाचा नंबर नाही, भागाचं नाव नाही. पूर्ण गावाची जमीन एका वाक्यात.

आतल्या कारकुनांनी आम्हाला वाईट वागवलं नाही, हे आधी सांगते. ते म्हणाले, “ताई, सगळं नियमानं झालंय. राजपत्रात आलं, पेपरात आलं, फलकावर लावलं.” आणि ते खरंच होतं. नंतर पेपर शोधला. जिल्ह्याच्या एका दैनिकात आतल्या पानावर, वाहन लिलाव आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या नोटिशींच्या शेजारी, बारीक टायपात ती जाहिरात होती. तो पेपर आमच्या वस्तीत कुणाकडेच येत नाही. आला असता तरी ‘प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करणेबाबत’ हे शीर्षक वाचून आपल्या स्वयंपाकघरातून रस्ता जाणार आहे असं कुणाच्या डोक्यात येईल?

मुदत किती राहिली, हा पुढचा प्रश्न. कायद्यानं आमच्यासारख्या छोट्या पालिकेत हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकेत ६० दिवस असतात, असं नंतर कळलं. पण ३० दिवस कधीपासून? जाहिरातीत तारीख नव्हती. ‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून’ एवढंच होतं. म्हणजे पेपर वाचणाऱ्यालाही मुदत कळायची तर आधी राजपत्र शोधायला हवं. आमच्याकडे राजपत्र म्हणजे गॅझेट, आणि गॅझेट म्हणजे लग्नानंतर नाव बदलायचं असेल तेव्हा भरायचा फॉर्म. ते कुणी वाचत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

इथं आमच्या वस्तीतले सर कामाला आले. हायस्कूलमधून निवृत्त झालेले, सकाळी दळणाचा डबा ठेवून तासभर बोलत बसणारे. त्यांच्या पुतण्यानं शासनाच्या संकेतस्थळावरून आमच्या विभागाच्या पुरवणीचा अंक उतरवून घेतला. त्यात सूचना सापडली. पण अंकावर एक तारीख नव्हती. साप्ताहिक अंक, वर लिहिलेलं ‘गुरुवार ते बुधवार’, आणि पहिल्या ते शेवटच्या दिवसाच्या तारखा, खाली शक संवताच्याही. मग ३० दिवस गुरुवारपासून मोजायचे की बुधवारपासून? पालिकेत विचारलं तर दोन टेबलांवर दोन उत्तरं मिळाली. सर म्हणाले, आपण गुरुवार धरायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. गुरुवारपासून धरलं तर हातात दिवस थोडेच होते, आणि त्यात एक शनिवार-रविवार येत होता.

नकाशा बघायला आम्ही वरच्या मजल्यावरच्या सभागृहात गेलो. भिंतीवर टांगलेला, चांगला पुरुषभर उंच. रंगीत. पिवळा, हिरवा, निळा, त्यावर आकडे आणि रेघा. आपलं घर कुठं आहे हे मला सापडेना. भावजींनाही सापडेना. तिथं आणखी दोन माणसं होती, तीही बोट फिरवत उभी. ओढा सापडला, त्यावरून अंदाज घेतला. मग मोजणीवाले काका आले. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. ते नकाशाकडे फारसे गेलेच नाहीत. त्यांनी कारकुनांना विचारलं, “अहवाल कुठाय?”

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं नीट सांगते. प्रारूप योजनेत नुसता नकाशा नसतो. त्याच्याबरोबर अहवाल असतो, आणि अहवालात आरक्षणांचा तक्ता असतो. आरक्षणाचा क्रमांक, कशासाठी, कोणत्या गटात, किती क्षेत्र, आणि ती जागा कोण घेणार. रस्त्यांचाही असाच तक्ता असतो, कुठून कुठपर्यंत आणि किती रुंद. नकाशावर बोट फिरवून जे तासभर सापडत नाही, ते तक्त्यात एका ओळीत असतं. नकाशाच्या आणि अहवालाच्या प्रती विकत मिळतात, तसं सूचनेतच लिहिलेलं असतं. आम्ही पावती करून आमच्या भागाचा नकाशा आणि तक्त्याची पानं घेतली.

तक्त्यात आमचा गट होता. ओढ्यापलीकडचे गटही होते, तिथं खेळाचं मैदान. पोस्टामागच्या मोकळ्या जागेवर वाहनतळ. जुन्या जिनिंगच्या कडेनं नवा रस्ता. म्हणजे आमची एकट्यांची गोष्ट नव्हती. निम्म्या गावाला हात लागत होता आणि गावात त्याची चर्चा नव्हती.

संध्याकाळी आम्ही नगरसेवकांकडे गेलो. योजना प्रसिद्ध करायचा ठराव सर्वसाधारण सभेत होतो, म्हणजे त्यांना माहीत असणारच. ते चिडले नाहीत, उलट ओशाळले. म्हणाले, “वहिनी, सभेत नकाशा भिंतीला लावला होता. विषय पुकारला, मंजूर झाला. कुणाला काय दिसलं त्यात?” मला वाटतं ते खरं बोलत होते. पण त्यानं माझं समाधान झालं नाही.

त्या रात्री मी आणि सरांनी ती यादी घरच्या भाषेत लिहून काढली. हे काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. गट नंबर लोकांना पाठ नसतो. सातबारा पेटीत तळाशी असतो, आणि ज्यांनी प्लॉट घेतला त्यांच्याकडे नुसतं खरेदीखत. म्हणून काकांनी प्रत्येक गटासमोर खुणा लिहिल्या. ओढ्याच्या पुलापासून गॅरेजच्या भिंतीपर्यंत. पाण्याच्या टाकीच्या उत्तरेची चार घरं. मारुतीच्या देवळामागची चिंचेची जागा. त्यापुढं काय येणार, मंडई की रस्ता की मैदान, ते ठळक. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, हरकत द्यायची शेवटची तारीख. गुरुवार धरून काढलेली.

झेरॉक्स काढून एक प्रत गिरणीच्या दारावर चिकटवली. बाकीच्या देवळात, दूध डेअरीवर, दोन किराणा दुकानांत, सलूनमध्ये आणि एसटी स्टँडवर ह्यांच्या ओळखीनं चौकशी खिडकीजवळ. गिरणी ही जागा अशी आहे की दळण होईपर्यंत माणसाला उभं राहावंच लागतं. उभं राहिलेला माणूस समोरचा कागद वाचतो. दुपारपर्यंत माझ्याकडे दळण नसलेली माणसंही यायला लागली.

त्या आठवड्यात एक गोष्ट मला सारखी टोचत होती. मार्च महिन्यात पालिकेची रिक्षा रोज आमच्या बोळातून फिरली होती. भोंगा लावून. घरपट्टी भरा, पाणीपट्टी भरा, नळजोडणी तोडली जाईल. सकाळी घंटागाडीवरही तेच रेकॉर्डिंग. मोठ्या थकबाकीदारांच्या नावांचा फ्लेक्स चौकात लागला होता. म्हणजे घराघरात कसं पोचायचं हे पालिकेला उत्तम माहीत आहे. ती रिक्षा आणखी एक दिवस फिरवायला काय लागलं असतं?

सरांना हे बोलले तेव्हा त्यांनी माहिती अधिकाराचा कायदा काढला. २००५च्या त्या कायद्यात कलम ४ आहे. त्यात म्हटलंय की लोकांना माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरणारी पद्धत लक्षात घ्यावी. सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर पुकारा, आकाशवाणी-दूरदर्शनसारखी माध्यमं, इंटरनेट, असे मार्गही त्यातच सांगितले आहेत. जाहीर पुकारा म्हणजे आपली दवंडीच की. सरांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला, या योजनेची प्रसिद्धी कोणकोणत्या मार्गांनी केली ते सांगा म्हणून. करवसुलीच्या रिक्षाचं त्याच अर्जात विचारायचं होतं, पण राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत, म्हणून दुसरा अर्ज. उत्तरं यायला महिना लागला, तोवर आमची मुदत संपली होती. उत्तरात राजपत्र, दोन वर्तमानपत्रं, सूचना फलक. रिक्षा नव्हती. तो कागद नंतर सुनावणीत उपयोगी पडला, म्हणून अर्ज फुकट गेला असं म्हणणार नाही.

हरकती कशा द्यायच्या यावर वस्तीत दोन तट पडले. बहुतेकांचं म्हणणं, एकच अर्ज करू आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेऊ, जोर दिसेल. मोजणीवाले काका ऐकेनात. ते म्हणाले, सह्यांचा अर्ज एक हरकत म्हणून नोंदला जाईल, सुनावणीला एकाला बोलावतील, आणि तो एक माणूस त्या दिवशी आजारी पडला तर? प्रत्येकानं आपली हरकत वेगळी द्यावी. आपला प्लॉट, आपलं क्षेत्र, आपले कागद. शेवटी तसंच केलं. सह्यांचाही एक दिला, मन राखायला.

अर्जात काय लिहायचं हेही काकांनीच सांगितलं. “अन्याय झाला, गोरगरीब रस्त्यावर येतील, हे सगळं एका ओळीत लिहा. बाकी पान मुद्द्यांना ठेवा.” योजना करायच्या आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करतात. आमची निम्मी घरं त्या नकाशात नव्हतीच, तिथं मोकळी जागा दाखवली होती. हा आमचा मुख्य मुद्दा. सोबत मोजणी नकाशा, बांधकाम परवानगी ज्यांच्याकडे होती त्यांची, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, घराचे फोटो. दुसरा मुद्दा, मंडईला पर्यायी जागा. नुसतं ‘इथं नको’ म्हणून भागत नाही. कुठं हवी ते सांगावं लागतं. आठवडी बाजाराला लागून पालिकेच्याच मालकीची जागा पडून होती, तिचा उतारा काढून जोडला.

मधेच वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मेसेज आला. मुदत ६० दिवस केली, काळजी नसावी. कुणी पाठवला, कुठून आला, पत्ता नाही. मी लगेच विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवावासा वाटत होता. सरांनी पालिकेत जाऊन विचारलं, तसं काही पत्र नव्हतं. पण तो मेसेज वाचून दोन घरांनी अर्ज द्यायचा राहू दिला, आणि नंतर त्यांचे अर्ज मुदतीबाहेरचे म्हणून वेगळ्या यादीत गेले.

शेवटच्या दिवसांत आवक-जावकच्या खिडकीवर रांग लागली. आम्ही प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर आपल्याला. तिथल्या बाई म्हणाल्या, एवढ्या प्रतींवर शिक्के मारत बसू का? मी म्हटलं, ताई, मी थांबते. बाहेर बाकावर बसून राहिले. त्यांनी मारले. तो शिक्क्याचा कागद पुढं प्रत्येक टप्प्यावर मागितला गेला.

दोन महिन्यांहून बराच जास्त काळ गेला, मग सुनावणीची पत्रं आली. ही पत्रं मात्र घरी आली. पालिकेचा शिपाई सही घेऊन देऊन गेला, प्रत्येकाच्या नावानं, वेळ घालून. हरकत दिली की तुमचं नाव, पत्ता त्यांच्या वहीत चढतो आणि मग सरकार तुम्हाला शोधत येतं. त्याआधी तुम्ही ‘तमाम नागरिक’.

सुनावणी नियोजन समितीपुढं होते. पालिकेच्या स्थायी समितीतले तीन सदस्य आणि नगररचनेतले बाहेरचे जाणकार. मला वाटलं होतं कोर्टासारखं असेल. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, नकाशा पसरलेला. एकेकाला काही मिनिटं. मी घरून पाठ करून गेले होते, तिथं निम्मं विसरले. पण कागद क्रमानं लावलेले होते म्हणून निभावलं. जाणकारांपैकी एकांनी फोटो हातात घेऊन विचारलं, हे घर कधीचं? मी घरपट्टीची पहिली पावती दाखवली. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्यांकडे बघितलं आणि नकाशावर पेन्सिलीनं खूण केली. सरांनी माहिती अधिकारातलं उत्तर पुढं ठेवलं, मुदतीबाहेरच्या दोन घरांचंही ऐकून घ्या म्हणाले. समितीनं त्यांचे अर्ज ऐकले. निर्णयात धरले की नाही, ते शेवटपर्यंत समजलं नाही. आमच्या गटाचं एकत्रच ठरलं, त्यामुळे त्यांचंही भागलं.

समितीनं मंडई आमच्या गटातून काढून आठवडी बाजाराशेजारच्या पालिकेच्या जागेवर न्यायची शिफारस केली. पालिकेनं ती मान्य केली. रस्ता १८ मीटरच ठेवला. केलेल्या बदलांची यादी पुन्हा राजपत्रात आणि पेपरात आली. आता आम्हाला कुठं बघायचं ते माहीत होतं. मग योजना मंजुरीसाठी शासनाकडे गेली.

इथं बऱ्याच जणांनी सुस्कारा सोडला. काका म्हणाले, अजून एक फेरी आहे. शासन योजना मंजूर करताना स्वतः काही बदल सुचवू शकतं. मोठे बदल असले तर तेवढा भाग मंजुरीतून वगळून त्यावर नव्यानं हरकती मागवतात. वगळलेल्या भागाला ईपी म्हणतात, ईपी-१, ईपी-२ असे नंबर असतात. आणि ही सूचना पालिकेची नसते, शासनाच्या नगर विकास विभागाची असते.

ती २०२०च्या पावसाळ्यात आली. कोरोनाचे दिवस. पेपर बंद केलेले, पालिकेत जायला बंदी, गिरणी ठरलेल्या वेळातच उघडी. पण सरांच्या पुतण्याला राजपत्र बघायची सवय लागली होती. आमचा रस्ता वगळलेल्या भागात होता. रुंदी १८ वरून १२ मीटर करावी असं शासनानंच सुचवलं होतं. म्हणजे ही सूचना आमच्या फायद्याची होती, आणि तरीही त्यावर लिहून देणं गरजेचं होतं. सहमत आहे असं कुणी लिहिलं नाही आणि विरोधात चार अर्ज आले, तर? या वेळी अर्ज पालिकेत नाही, नगररचना सहसंचालकांच्या कार्यालयात द्यायचे होते. ते विभागाच्या गावाला. जायला बस नव्हती. आम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवले, पोचपावती जोडून. पुढच्या वर्षी सुनावणी झाली आणि १२ मीटरवर शिक्कामोर्तब झालं. माझ्या गिरणीचा जोता वाचला. ओटा आणि पायऱ्या रस्त्याच्या रेषेत आहेत. रस्ता होईल तेव्हा जातील.

भावजींचा मजला चढला, पण मुलाच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. मधल्या काळात सिमेंट, सळई, व्याजाचा दर, कशाकशाचे भाव बदलले ते त्यांनाच विचारा. नुसती प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की पालिकेला परवानगी देताना ती विचारात घ्यावी लागते. मंजूर व्हायची वाट बघत नाहीत. त्यामुळे ‘अजून कुठं फायनल झालंय’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ओढ्यापलीकडच्या मैदानाच्या आरक्षणात एक जमीन होती, तिचे मालक मुंबईला असतात. वाटेकऱ्याला यादी दाखवली, त्यानं मालकांना सांगितलं असेल असं आम्ही धरून चाललो. त्यांचा फोन नंबर वस्तीत कुणाकडेच नव्हता. त्यांची हरकत आली नाही, आणि मैदान आहे तिथंच मंजूर झालं.

ते २०२२च्या गणपतीत गावी आले. गिरणीत येऊन विचारलं, वहिनी, तुम्ही काय केलं होतं? त्यांच्या हातात मंजूर योजनेचा भाग नकाशा होता. मी मोजणीवाल्या काकांना बोलावलं. काकांनी सांगितलं ते असं: योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेनं जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली जागा घ्या नाहीतर सोडा अशी नोटीस देता येते, आणि ती दिल्यावर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द ठरतं. तोपर्यंत आरक्षणात बदल हवा असेल तर कलम ३७चा रस्ता आहे, पण त्याला पालिकेचा ठराव लागतो. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. योजना कोणत्या तारखेला लागू झाली, हे काकांनी त्यांना राजपत्राच्या अंकातून काढून दिलं आणि त्या पानाची झेरॉक्स नकाशाला टाचून ठेवायला सांगितली. त्यांचा मुंबईचा नंबर मी माझ्या उधारीच्या वहीत लिहून घेतला, आणि वाटेकऱ्याचाही.